टपालाच्या मोबदल्यात मठ

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, डॅन्यूब नदीच्या काठी रेगेन्सबुर्ग हे शहर आहे. त्याच्या जुन्या गावठाणाच्या दक्षिण कडेला एमेराम चौक लागतो. इथे काही पावलांच्या अंतरावर दोन दारं आहेत. एक सांक्ट एमेराम चर्चचं. ते उघडंच असतं, आत जायला पैसे पडत नाहीत. दुसरं थुर्न उंड टाक्सिस घराण्याच्या राजवाड्याचं. तिथे तिकीट काढायचं, ठरलेल्या वेळेची वाट बघायची आणि गाइडच्या मागोमाग चालायचं. पण ही दोन दारं एकाच घराची आहेत. हजारभर वर्षं इथे बेनेडिक्टाइन पंथाचे साधू राहत होते, चर्च त्यांचं देवघर होतं आणि आज ज्याला राजवाडा म्हणतात तो त्यांचा मठ होता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हस्तांतर' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोक्यात आधी हीच वास्तू आली. मठाचे राजवाडे युरोपात पुष्कळ झाले. कुठे राजाने तो हिसकावला, कुठे सावकाराने लिलावात घेतला. इथली गोष्ट वेगळी आहे. एका घराण्याचा टपालाचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि त्याची भरपाई म्हणून त्यांना एक मठ देऊन टाकला. हे कसं झालं आणि झाल्यावर त्या भिंतींच्या आत नेमकं काय बदललं, ते बघायला मी गेले.

शिडीवरचा संत

आधी चर्चमध्ये जावं. बाहेरच्या प्रांगणातून ओवरीत शिरलं की जोडदरवाजा लागतो आणि त्याच्यावर दगडात कोरलेल्या तीन आकृती दिसतात : ख्रिस्त, एमेराम आणि डायोनिसियस. या साधारण १०५० सालच्या आहेत. जर्मनीतल्या सर्वांत जुन्या दगडी शिल्पांमध्ये त्यांची गणना होते. चेहरे लांबट, डोळे मोठे, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या सरळ रेषांत. आत पाऊल टाकलं की मात्र सगळंच पालटतं. जाड रोमनेस्क भिंतींवर १७३१ ते १७३३ या काळात आझाम बंधूंनी पांढऱ्या-सोनेरी चुनेगच्चीचं आणि चित्रांचं असं काही काम केलं आहे की मूळ दगड कुठे दिसतच नाही.

एमेराम हा सातव्या शतकातला फिरस्ता बिशप. तो फ्रान्सकडून आला आणि बव्हेरियाच्या ड्यूकच्या दरबारी थांबला. कथा अशी की ड्यूकची मुलगी ऊटा लग्नाआधी गरोदर राहिली. तिला वाचवण्यासाठी एमेरामने दोष स्वतःवर घेतला आणि रोमच्या वाटेला लागला. ड्यूकच्या मुलाने त्याला वाटेत गाठलं, शिडीला बांधलं आणि त्याचे अवयव एकेक करून तोडले. त्याच्या थडग्याभोवती आठव्या शतकात मठ उभा राहिला. पूर्व फ्रँक राजा आर्नुल्फ याला इथेच पुरलं. बिशप वोल्फगांग यांनी ९७५ साली एक मोठा निर्णय घेतला. तोवर बिशप हाच मठाचा प्रमुख असे. त्यांनी मठ बिशपच्या सत्तेपासून वेगळा केला आणि रामवोल्ड या साधूला स्वतंत्र मठाधिपती नेमलं. मठाचा पैसा आणि मठाचे निर्णय मठाच्या हाती आले. पुढे इथे जी विद्या बहरली तिचं मूळ मला या निर्णयात दिसतं.

सात, दोन आणि नऊ

मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जप आणि मौन येतं. इथे जप होताच, शिवाय आकाशाकडे बघणंही होतं. अकराव्या शतकात विल्हेल्म नावाचा साधू, जो नंतर हिर्साउ मठाचा प्रमुख झाला, इथे खगोलशास्त्र शिकवत होता. त्याच्याशी जोडलेलं दगडी खगोलयंत्र आज रेगेन्सबुर्गच्या इतिहास संग्रहालयात आहे. खांबावर गुडघा टेकून बसलेली, वर आकाशाकडे बघणारी मानवी आकृती आणि तिच्या माथ्यावर रेषा कोरलेली दगडी तबकडी. तिच्यासमोर मी बराच वेळ थांबले. आकाशाचा अभ्यास या जागी किती जुना आहे, ते या एका दगडावरून कळतं.

सातशे वर्षांनी तोच नाद पुन्हा दिसतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रोबेनियस फोर्स्टर हे मठाधिपती होते. त्यांनी आल्कुइन या जुन्या विद्वानाचे समग्र ग्रंथ संपादित करून १७७७ साली छापले आणि मठात भौतिकशास्त्राला मानाची जागा दिली. त्यांच्यानंतर आलेले कोएलेस्टिन श्टाइग्लेहनर स्वतः भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच काळात मानहाइम शहरात एका हवामान संस्थेने युरोपभर केंद्रांचं जाळं विणायला घेतलं होतं. सगळीकडे एकसारखी उपकरणं आणि नोंदींच्या एकसारख्या वेळा : सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. सांक्ट एमेराम हे त्या जाळ्यातलं एक केंद्र होतं. त्या ठरलेल्या वेळी इथला साधू वायुभारमापकासमोर उभा राहायचा आणि आकडा वहीत लिहायचा. प्लासिडस हाइनरिश या साधूने तर पुढे अंधारात चमकणाऱ्या पदार्थांवर मोठा ग्रंथच लिहिला.

हे जरा विस्ताराने सांगितलं, कारण मठ बंद केले गेले तेव्हाचा युक्तिवाद असा होता की साधू आळशी आहेत, जग पुढे गेलं आणि हे मागे राहिले. निदान या मठाबद्दल तो आरोप खोटा होता.

घोडा बदलायची जागा

आता दुसऱ्या दाराकडे, म्हणजे टाक्सिस घराण्याकडे वळू. इटलीत बेर्गामोजवळ कोर्नेल्लो नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. तिथलं तास्सो कुटुंब निरोप पोचवण्याच्या धंद्यात होतं. सम्राट माक्सिमिलियनने १४९०च्या सुमारास इन्सब्रुक ते नेदरलँड्स अशी टपालवाट उभी करायचं काम या कुटुंबाला दिलं. युक्ती साधी होती. एकाच स्वाराने सगळं अंतर कापायचं नाही. ठरावीक अंतरावर चौकी ठेवायची, तिथे ताजा घोडा आणि ताजा स्वार तयार असायचा, आणि थैली हातातून हातात पुढे जायची. थैलीसोबत वेळेची चिठ्ठी असे. प्रत्येक चौकीवर थैली कधी आली नि कधी निघाली ते तिच्यावर लिहायचं, म्हणजे उशीर कुणी केला ते शेवटी कळायचं. १५०५च्या करारात ब्रसेल्स ते इन्सब्रुक हे अंतर उन्हाळ्यात साडेपाच दिवसांत आणि हिवाळ्यात साडेसहा दिवसांत कापायचं बंधन होतं.

याच कुटुंबातल्या फ्रान्झ फॉन टाक्सिसने (तास्सोचंच जर्मन रूप टाक्सिस) त्यात आणखी एक पाऊल टाकलं. राजाच्या पत्रांबरोबर तो सामान्य लोकांची पत्रंही पैसे घेऊन नेऊ लागला. संपत्ती आली ती तिथून. १६१५ साली साम्राज्याच्या टपालप्रमुखाचं पद या घराण्यात वंशपरंपरेने आलं, पुढे नावात 'थुर्न' जोडलं गेलं, १६९५ साली राजपुत्राची पदवी मिळाली. मुळात टपालवाले असलेले हे लोक दीडदोनशे वर्षांत राजे झाले. त्यांच्या कुलचिन्हात बिज्जू हा प्राणी आहे आणि टपालाची तुतारीही.

रेगेन्सबुर्गला ते आले १७४८ साली, तेही टपालासाठी नव्हे. साम्राज्यातल्या राजेरजवाड्यांची संसद १६६३पासून या शहरात कायमची भरत असे. सम्राट स्वतः व्हिएन्नात. त्याच्या जागी बसायला त्याचा प्रतिनिधी लागायचा, आणि तो मान टाक्सिस घराण्याकडे आला. काम काय? सम्राटाच्या वतीने भेटी घ्यायच्या, मेजवान्या द्यायच्या, नाटकं लावायची, छत्राखाली बसायचं. हा सगळा खर्च घराण्याने स्वतःच्या खिशातून करायचा आणि टपालाच्या उत्पन्नातून तो निभायचा. म्हणजे ज्या शहरात पुढे त्यांचा राजवाडा झाला, तिथे हे घराणं साठेक वर्षं पाहुण्यासारखंच राहिलं.

हिशेब

नेपोलियनच्या लढायांनी हे सगळं मोडलं. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेचा मुलूख फ्रान्सकडे गेला. तिथल्या जर्मन राजांना नुकसानभरपाई कुठून द्यायची? १८०३ साली रेगेन्सबुर्गच्याच संसदेत उत्तर ठरलं : चर्चच्या मालमत्तेतून. मठ, त्यांची गावं, जंगलं, धान्याची कोठारं वाटून टाकायची. टाक्सिस घराण्यालाही पश्चिमेकडचं टपाल गेल्याच्या बदल्यात श्वाबिया भागातले मार्खटाल, नेरेसहाइम असे मठ मिळाले. तेव्हा पहिल्यांदा टपाल आणि मठ एका हिशेबात आले.

सांक्ट एमेराम मात्र त्या वाटपातून काही काळ वाचला. त्या वेळी रेगेन्सबुर्ग बव्हेरियात नव्हतं. ते डाल्बेर्ग या आर्चबिशपकडे गेलं आणि त्याने साधूंना हाकललं नाही. आजूबाजूच्या बव्हेरियात मठांना कुलपं लागत होती तेव्हा इथे प्रार्थना चालू होती. १८०६ साली साम्राज्यच संपलं. संसद संपली, सम्राटाचा प्रतिनिधी ही जागा संपली, साम्राज्याचं टपालही संपलं. १८०८ साली बव्हेरियाच्या राजाने आपल्या राज्यातलं टपाल सरकारी केलं. १८१० साली रेगेन्सबुर्ग शहर बव्हेरियाच्या हाती आलं आणि मठाचे दिवस भरले.

गेलेल्या टपालाच्या भरपाईचा सौदा आता व्हायचा होता. त्यात टाक्सिस घराण्याकडून सगळ्यांत खंबीरपणे उभी राहिली ती राणी टेरेसं. तिचा नवरा कार्ल आलेक्झांडर राजा होता, पण घासाघीस करणारी ती. प्रशियाची प्रसिद्ध राणी लुईझं हिची ही बहीण. १८०८ साली एर्फुर्टला नेपोलियन आणि रशियाचा झार आलेक्झांडर यांची परिषद भरली, तेव्हा संध्याकाळी झार आणि फ्रान्सचा मुत्सद्दी तालेरां भेटायचे ते टेरेसंच्या दिवाणखान्यात. अशा बाईशी व्यवहार करताना बव्हेरियाला काहीतरी ठोस देणं भाग होतं. १८१२ साली ते दिलं गेलं : सांक्ट एमेरामच्या मठाच्या इमारती, आणि जवळच्या वर्थ व डोनाउश्टाउफ इथल्या जहागिरी.

या व्यवहारात एक पक्ष कुठेच नव्हता. ज्यांचं घर होतं त्यांना कुणी विचारलं नाही. शेवटचे मठाधिपती श्टाइग्लेहनर १८१९ साली गेले. हवामानाच्या नोंदी ठेवणारे हाइनरिश याच शहरात राहिले आणि १८२५ साली वारले. आपल्या जुन्या घराच्या दारावर नवं कुलचिन्ह त्यांना रोज बघावं लागलं असेल.

मठात संसार

मठाचं घर राजाला राहायला सोयीचं कसं पडलं, हा प्रश्न घेऊन मी आतल्या दालनांतून चालले. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका परीने बरं. माणूस नीट बघतो.

उत्तर मठाच्या आखणीत आहे. मोठा बेनेडिक्टाइन मठ म्हणजे एका चौकाभोवती दुसरा चौक, अशी आपल्याकडच्या मोठ्या वाड्यासारखी रचना. साधूंच्या खोल्या एका बाजूला, पाहुण्यांच्या दुसऱ्या बाजूला, मठाधिपतीचं निवासस्थान वेगळं आणि प्रशस्त, मागे तबेले, कोठारं, भट्ट्या, बाग. इथल्या मठाधिपतींना तर १७३१ साली राजपुत्राचा दर्जा मिळालेला, त्यामुळे मेजवानीची दालनं आधीपासूनच होती. नव्या मालकाला भिंती पाडायची फारशी गरज पडली नाही. त्याने सामान आणलं.

भर घातली ती नंतरच्या पिढ्यांनी. १८२९ ते १८३२ या काळात मेतिव्हिये या वास्तुकाराने पागा आणि घोडे फिरवायचं मोठं दालन बांधलं. आज तिथे बग्ग्या, बर्फावरच्या गाड्या आणि पालख्यांचं संग्रहालय आहे. ज्या घराण्याचं नशीब घोड्यावर घडलं त्याने सर्वांत आधी पागा बांधावी, हे शोभलं. मग १८८३ ते १८८८मध्ये माक्स शुल्त्से याने दक्षिणेकडची पूर्ण बाजू नवी उभी केली. संगमरवरी जिना, नृत्याचं दालन, सिंहासनाची खोली. नृत्याच्या दालनातलं रोकोको लाकूडकाम घराण्याच्या फ्रँकफुर्टमधल्या जुन्या वाड्यातून सोडवून आणलेलं आहे. सिंहासनाची खोली बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : ती बांधली तेव्हा या घराण्याकडे राज्य नव्हतं, आणि टपालही नव्हतं. नेपोलियन गेल्यावर त्यांनी अनेक छोट्या संस्थानांत खासगी टपाल पुन्हा चालवलं, १८५२पासून स्वतःची तिकिटं छापली, उत्तरेला एका चलनात आणि दक्षिणेला दुसऱ्या. तिकिटं जमवणाऱ्यांना ती ठाऊक असतील. १८६७ साली प्रशियाने तीस लाख टालर देऊन तो धंदा बंद केला. पुढे वीस वर्षांनी हा जिना उभा राहिला.

त्याच वर्षी, १८६७मध्ये, घरातला तरुण वारस वारला. त्याची बायको हेलेना ही ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची, म्हणजे सिसीची, थोरली बहीण. सम्राटाने खरं तर बघायचं होतं हेलेनाला, आणि पसंत केली धाकटीला. हेलेना इथे आली, लवकर विधवा झाली आणि लहान मुलं सांभाळत या अवाढव्य घराचा कारभार तिने हाती घेतला. टेरेसं आणि हेलेना, या घराच्या गोष्टीत बायकांनी कारभार ओढून नेल्याचं पुन्हा पुन्हा दिसतं.

सगळ्यांत सुंदर जागा मात्र कुणी राजाने बांधलेली नाही. ती म्हणजे मठाचा आतला चौक. चारही बाजूंनी कमानींची ओसरी, रोमनेस्क आणि गॉथिक कामाची, अकराव्यापासून चौदाव्या शतकापर्यंत थोडीथोडी वाढत गेलेली. साधू इथे मौनात फेऱ्या घालायचे. जर्मनीत इतकी देखणी ओसरी फार थोड्या ठिकाणी आहे. त्या चौकाच्या पोटात घराण्याने १८३५नंतर आपलं स्मृतिमंदिर बांधलं. खाली शवपेट्या, वर डानेकर या शिल्पकाराने घडवलेली ख्रिस्ताची पांढरी मूर्ती. साधूंच्या मोकळ्या आकाशाचा तुकडा त्यासाठी गेला. इमारत चांगली आहे, पण ती तिथे नको होती असं मला वाटतं.

वारसा कराचं बिल

१९१९ साली जर्मनीत सरदारांचे विशेष हक्क गेले, 'राजपुत्र' हे आडनावाचा भाग झालं. मालमत्ता मात्र त्यांच्याकडेच राहिली. त्याच काळात, महायुद्धानंतरच्या उपासमारीत, राजा आल्बर्टने वाड्यात गरिबांसाठी अन्नछत्र सुरू केलं. ते आजही चालतं. मठाच्या दारात भुकेल्याला जेवण मिळायचं, ती रीत निदान या एका स्वयंपाकघरात परत आली.

१९९० साली योहान्नेस हे कुटुंबप्रमुख वारले. मुलगा सात वर्षांचा, डोक्यावर मोठं कर्ज आणि वारसा कर. त्यांची पत्नी ग्लोरिया, तोवर रंगीबेरंगी केस आणि पार्ट्यांसाठी वर्तमानपत्रांत गाजलेली, हिशेबाला बसली. १९९२ साली जिनिव्हात दागिने विकले गेले. १९९३च्या ऑक्टोबरात वाड्यातच लिलाव झाला. नऊ दिवस फर्निचर, भांडी, चांदी, दारूच्या बाटल्या असं काहीबाही लोक घेऊन गेले. करापोटी बव्हेरिया सरकारने निवडक वस्तू घेतल्या, त्यात हिरेजडित तपकिरीच्या डब्यांचा विलक्षण संग्रह आहे. त्या वस्तू शहराबाहेर न नेता १९९८ साली इथेच संग्रहालय करून मांडल्या. हा तोडगा मला शहाणपणाचा वाटतो. कर वसूल झाला आणि वस्तू आपल्या जागी राहिल्या.

विकलेल्या दागिन्यांत फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिचा मोत्यांचा मुकुट होता. ग्लोरियाने तो १९८० साली लग्नात घातला होता. तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला मिळाला, आणि १९ ऑक्टोबर २०२५ला लूव्रमध्ये दिवसाढवळ्या चोरी झाली तेव्हा गेलेल्या वस्तूंत तोही होता.

आता वाडा स्वतःचा खर्च स्वतः काढतो. २००३पासून जुलैत अंगणात संगीताचा महोत्सव भरतो, डिसेंबरात नाताळचा बाजार. तिकिटं, भाडी, जंगलातलं लाकूड, हे आजचं उत्पन्न. कुटुंब अजून आत राहतं.

ग्रंथ कुठे गेले

मठ संपला तेव्हा इमारत राजाला मिळाली, पण मठाचा प्राण असलेला ग्रंथसंग्रह नाही. तो म्युनिकला गेला. सांक्ट एमेरामची हस्तलिखितं आज तिथल्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहेत, सलग क्रमांकांनी सुमारे एक हजार. त्यांत बायबलमधल्या शुभवर्तमानांची सोन्याच्या अक्षरांतली पोथी 'कोडेक्स आउरेउस' आहे. ती ८७० साली टक्कल्या चार्ल्स राजासाठी तयार झाली आणि पुढे आर्नुल्फने ती मठाला दिली. आणखी एका पोथीच्या मोकळ्या जागांत नवव्या शतकात कुणीतरी जुन्या जर्मन भाषेतलं, जगाच्या अंताविषयीचं 'मुस्पिली' हे काव्य उतरवून ठेवलं. जर्मन भाषेच्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी ते एक आहे. वाड्यात उरलं ते ग्रंथालयाचं दालन. कोस्मास दामियान आझामने १७३७ साली छतावर रंगवलेलं चित्र अजून आहे, त्याखाली आता घराण्याची पुस्तकं आहेत. शेजारी घराण्याचं दफ्तर, ज्यात टपालाच्या इतिहासाची कागदपत्रं जपलेली आहेत.

मग हे हस्तांतर बरं झालं की वाईट? इतर मठांचं काय झालं ते बघितल्याशिवाय याचं उत्तर देऊ नये. वेसोब्रुनचं मठचर्च १८१० साली पाडून दगड विकले. काइसहाइमच्या मठाचं तुरुंगात रूपांतर झालं आणि तो अजून तुरुंगच आहे. बेनेडिक्टबोयर्नच्या मठात काचेचा कारखाना निघाला, त्यात फ्राउनहोफरने प्रकाशाचे मोठे शोध लावले, हा एक सुखद अपवाद. सांक्ट एमेरामला राहता मालक मिळाला. छप्पर गळलं की दुरुस्त करणारा कुणीतरी होता, म्हणून ती ओसरी आज उभी आहे. २००६ साली रेगेन्सबुर्गचं जुनं शहर जागतिक वारशात गेलं ते ही इमारत धरून. पण घर वाचवणं आणि घरातलं काम वाचवणं या दोन गोष्टी आहेत. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता वही उघडणारी माणसं इथून गेली आणि त्यांच्या जागी तसं कुणी आलं नाही. राजवाड्याचं श्रेय मी मान्य करते. मठाचं नुकसान त्याने भरून निघालं असं मला म्हणता येत नाही.

म्युनिकहून रेगेन्सबुर्गला आगगाडीने दीड तास लागतो. बीएमडब्ल्यू आणि इन्फिनिऑनच्या कारखान्यांमुळे भारतीय इंजिनिअर तिथे आहेत, त्यांत मराठी मुलंमुलीही. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी गेलात तर वाड्याचं तिकीट काढण्याआधी चर्चमध्ये जा, जोडदरवाजाखाली उभे राहा. मार्गदर्शित फेरीत नृत्याचं दालन लवकर आटपलं तरी चालेल, ओसरीत मात्र मागे रेंगाळा. आणि जाणं जमणार नसेल तर 'कोडेक्स आउरेउस' राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पानापानाने, फुकट बघता येतं. ते जरूर बघा.